लंबूचं माप

सरसाची बाटली उघडण्याआधी बापाने पुस्तकांचं कपाट एकदा कोरडंच जुळवून पाहिलं. दोन उभ्या फळ्या, त्यांतल्या खाचांत सरकवलेल्या सहा आडव्या. कुठे फट नाही, कुठे झोल नाही. एरवी असं जमून आलं की तो स्वतःवरच खूश होऊन शीळ घालायचा आणि शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून दाखवायचा. आज त्याने नुसता भुसा फुंकला.

आई चहा घेऊन मागच्या खोलीत आली. या खोलीत ती सहसा यायची नाही. पायात खिळा जाईल, ही भीती. तिने कप रंध्याशेजारी ठेवला, कपाटासमोर उभी राहिली आणि हात वर केला. मग टाचा उचलल्या. वरची फळी तरीही वीतभर लांबच राहिली.

"अहो, माझा हात पोचत नाही."

 भिंतीला एक लाकडी पट्टी टेकवून ठेवली होती, तिच्याकडे बापाची नजर गेली. पट्टीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या: गुडघा, कंबर, डोळे. सगळ्यात वर लिहिलं होतं, 'लंबूचा हात'.

लंबू म्हणजे त्यांची मुलगी. गेल्या वर्षी माप द्यायला याच भिंतीला पाठ लावून उभी राहिली होती, आणि बाप खुणा करत असताना सारखी हसत होती. खालचा कप्पाही जमिनीपासून चांगला उंच हवा, मला वाकायला लावू नका, असं बजावून गेली होती. लाकूड ओलं आहे, वर्षभर वाळू दे, घाई करून चालत नाही, असं बापाने तिला सांगितलं होतं. लाकूड आता खडखडीत वाळलं होतं. मुलीला जाऊन चार महिने झाले होते, आणि तिची पुस्तकं जावयाने सोळा खोक्यांत भरून इकडे पाठवली होती.

"तिच्या मापाचं आहे ते," बाप म्हणाला.

"ते दिसतंय मला. पण वाचणार मी आहे."

बापाने मान वर केली. औषधाच्या बाटलीवरचं लेबल सोडलं तर आईने आयुष्यात काही वाचलेलं नाही, असं मुलगी तिला चिडवायची, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

"तू?"

"दुपारी तुम्ही इथे ठोकठोक करत असता तेव्हा. चार पुस्तकं झाली. पाचवं चालू आहे." ती पदराशी चाळा करत राहिली. "ती पेन्सिलीने लिहून ठेवायची हो बाजूला. एका पानावर 'गाढव कुठला!' असं लिहिलंय. त्या गोष्टीतल्या नवऱ्याला. मला एकदम तिचा आवाजच ऐकू आला. अर्ध्याच्या वर मला कळत नाही, पण तिचं लिहिलेलं कळतं. मला सगळी वाचायची आहेत. एकही सोडायचं नाही."

"मग मी काढून देत जाईन वरची."

"आणि तुम्ही नसलात की?"

"स्टूल घे."

"या गुडघ्यांनी?" आई जवळ आली. "खालून वीतभर कापा. दोन्ही फळ्या. सगळं कपाट खाली येईल. आत्ताच कापा, एकदा सरस लागला की हे धूड आडवं पाडायला आपल्या दोघांना झेपायचं नाही."

"कापायचं नाही!" बाप इतक्या जोरात ओरडला की चहा हिंदकळला. "एक तर वेळेवर केलं नाही मी. वर्षभर नुसतं वाळतंय वाळतंय करत बसलो. आता निदान तिने सांगितलं तसं तरी होऊ दे."

आईचा चेहरा पडला.  पण ती बोलली तेव्हा आवाज साधाच होता, भाजी काय करू विचारावं तसा.

"ती येणार आहे का, पुस्तक काढायला?"

बाप खाली स्टुलावर बसला. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. शेवटी सुरू झाली आणि निघून गेली. मग तो उठला. आडव्या फळ्या एकेक करून खाचांतून काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या. उभी फळी कामाच्या बाकावर आडवी टाकली. काटकोनाचा गुण्या लावून रेघ मारायला त्याला दोनदा पेन्सिल शोधावी लागली. ती कानावरच होती.

पहिली फळी त्याने एका दमात कापली. वीतभर तुकडा खाली पडला, तो दोघांनीही उचलला नाही.

दुसऱ्या फळीत करवत निम्म्यावर आली आणि थांबली. इस्पितळात न रडलेला, स्मशानातून सगळ्यांना धीर देत परतलेला तो माणूस करवतीच्या मुठीवर कपाळ टेकून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. बाक हलत होता, फळी हलत होती. आईने चटकन पुढे होऊन दोन्ही तळवे फळीवर टाकले आणि अंगाचा सगळा भार त्यांवर दिला. तिच्याही हनुवटीवरून पाणी फळीवर पडत होतं, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

"राहू देऊ का गं?" त्याने वर न बघता विचारलं.

"अर्ध्यात कसं राहू द्यायचं आता," ती म्हणाली. "कापा. मी धरलंय."