रोटाचे गहू

दवाखान्याची लिफ्ट बंद होती. पहिल्या मजल्यावरच सुलक्षणा कठड्याला धरून थांबली. शुक्रवारचा उपास, सकाळपासून पोटात नुसता चहा, आणि हातात जड पिशवी. सासूबाई, द्रौपदाबाई, मात्र कुठेही न थांबता तिसऱ्या मजल्यावर पोचल्याही होत्या. तिथून त्यांनी हाक मारली, "ये ना लवकर! का तुले उचली आनू आते?"

मागून जीवन येत होता. बायकोच्या हातातली पिशवी घ्यावी की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. पिशवीत तिचे कपडे होते. द्रौपदाबाईंनीच ते भरायला लावले होते. चौथ्यांदा पोटातलं गेलं. आता खोट सुनेतच आहे हे जळगावच्या डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकायचं, आणि तिला तिथूनच माहेरी, पिंपळनेरला पाठवायचं, असं ठरलं होतं. रविवारी घरी कानबाई देवी बसणार होती. असल्या बाईचा हात देवीच्या नैवेद्याच्या, रोटाच्या गव्हाला लागायला नको, असं त्या आठवडाभर म्हणत होत्या.

रोटाचे गहू घरातल्या माणसांच्या नावानं मुठी भरून घेतात, निवडतात, घरच्या जात्यावर दळतात. कानबाईचं बाकी सगळं द्रौपदाबाई स्वतः करायच्या. उपास, आरास, गाणी, जागरण. गहू निवडायला मात्र दरवर्षी धाकट्या जावेला, कोकिळाकाकूंना, बोलवायच्या. "मना गुडघा दुखतस. माले खाले बसता येत नही," असं म्हणायच्या.

बाकावर बसल्या बसल्या द्रौपदाबाई पुटपुटत देवीचं नाव घेऊ लागल्या. सुलक्षणानं भिंतीला डोकं टेकलं. कधी कधी बाईचं शरीरच गर्भाला परकं समजतं, तेही तपासून बघू, असं मागे एका डॉक्टरांनी म्हटलं होतं. तपासलं. तसं काही निघालं नाही. पण सासूबाईंनी पहिलं वाक्य तेवढं धरून ठेवलं. "इनं आंगच लेकरूले परकं म्हनस," असं त्या भाऊबंदांत सांगत. सुलक्षणानं उत्तर देणं कधीच सोडलं होतं.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी आधी जीवनकडे पाहिलं. "आईंसमोर बोलू?"

त्यानं मान डोलावली.

"सुलक्षणाताईंच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यात. जीवनभाऊ, तुमच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसलेत. काही कमी नाही, काही जास्त नाही, म्हणून तुम्हाला त्याचा त्रास नाही. पण बाळाला देताना कधी तुकडा कमी जातो, कधी जास्त. मग ते टिकत नाही."

सुलक्षणानं हातातली पिशवी खाली ठेवली. आनंद व्हायलाही अंगात बळ लागतं.

"आमना घराणामा आसं काहीच नही," द्रौपदाबाई ताडकन म्हणाल्या. "मना पोऱ्या धडधाकट शे!"

"घराण्याचंच विचारते, अक्का. हे बहुतेक वेळा आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं. यजमानांचं नाव काय?"

द्रौपदाबाईंनी पदर सारखा केला. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

"भिकन," जीवन म्हणाला. "वारले ते."

डॉक्टरीणबाई त्याच भागातल्या, पारोळ्याकडच्या होत्या. त्यांचं पेन थांबलं. "भिकन. हे नाव हौसेनं ठेवत नाहीत, अक्का. भीक कोणी मागितली होती?"

"मनी सासूनी." द्रौपदाबाईंचा आवाज खाली आला. "तिन्हा लेकरं ऱ्हायेत नहीत. मंग पाच घर भीक मांगी तिनी. हाऊ पोऱ्या भीकमा भेटना, आसं देवले सांगं. तवय हाई नाव."

"म्हणजे त्यांचीही गेली होती. आणि तुमची?"

द्रौपदाबाईंनी जीवनकडे न बघता सांगितलं.

"जीवनना आधी तीन गयात."

जीवन वळला. हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"आता भिकनआबांना तपासता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं रक्त बघू, म्हणजे खात्री होईल. पण हे आबांकडूनच आलेलं दिसतं. यात दोष कोणाचाच नाही. आणि पुढचं बाळ राहूही शकतं. काय करायचं ते मी सांगेन."

"मंग मना आंगमा काय खराब व्हतं?"

"बहुतेक काहीच नव्हतं, अक्का."

द्रौपदाबाई उठल्या. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. एकेक पायरी, थांबत थांबत. सुलक्षणानं दंडाला धरलं, तर त्यांनी हात झटकला नाही.

स्टँडवर धुळ्याची गाडी लागली होती. पिंपळनेरला जायचं तर तीच धरायची. सुलक्षणानं पिशवी उचलली. तिला कोणी काही सांगण्याआधीच ती गाडीकडे वळली.

मागून पिशवीचा बंद ओढला गेला. द्रौपदाबाईंनी तो मुठीत घट्ट धरला होता.

"जीवन, घरनी गाडी देख, अमळनेरनी. तिघंनी जागा धर."

जीवन धावला. द्रौपदाबाईंनी पिशवी आपल्या खांद्याला अडकवली.

"रविवारना गहू तू नि मी निवाडूत."

"पण आई, तुमचे गुडघे..."

"मनी सासूनी माले गहूले हात लावू दिन्हा नही. नासेल कूसनी बाई, म्हने. जीवन झाया, तरी नही. ती मरी गयी, तरी मी हात लावा नही." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मना गुडघा कधी दुखनातच नहीत, माय."