आपण, आम्ही

"पाय कापायचं ठरवलंय, सांगा तिला," डॉक्टर आरांसिबिया म्हणाले आणि हातमोजे काढू लागले.

परिचारिका एर्लिंदाच्या हातातली पट्टी अर्धीच गुंडाळून झाली होती. खाटेवरच्या म्हाताऱ्या सिप्रियानाच्या पायाची बोटं काळी पडली होती. बटाटे खणताना कुदळ पायावर बसली. तिनं पाला बांधला आणि डोंगरावरून खाली दवाखान्यात यायला उशीर केला. वास वॉर्डभर पसरला होता. डॉक्टरांचं निदान बरोबर होतं. एर्लिंदाला त्याबद्दल शंका नव्हती.

अडचण वेगळी होती. डॉक्टर खालच्या शहरातून पोतोसीच्या या डोंगरात आलेले, स्पॅनिश बोलणारे. सिप्रियानाला फक्त इथली केचुआ भाषा येई. स्पॅनिशमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. केचुआत दोन आहेत, आणि बोलणाऱ्याला त्यातला एक निवडावाच लागतो. वॉर्डात ती निवड एर्लिंदा करायची, आणि परिचारिका झाल्यापासून ती 'आपण' निवडत आली होती. आपण ठरवलंय. ऐकायला बरं वाटतं. माणूस मान डोलावतो. 'सिस्टर बोलल्या की पेशंट ऐकतो,' असं डॉक्टर सगळ्यांना कौतुकानं सांगत.

मग काही महिन्यांपूर्वी याच खाटेवर इलारियो नावाचा म्हातारा आला. पाय गेल्यावर तो नुसता भिंतीकडे बघत पडून असायचा. एकदा एर्लिंदा चादर बदलत असताना म्हणाला, "पोरी, आपण ठरवलं म्हणालीस. मी कुठे होतो तेव्हा?"

एर्लिंदानं चादरीची कडा गादीखाली खोचली.

"सांगताय ना, सिस्टर?" डॉक्टरांनी विचारलं.

एर्लिंदानं पट्टी खाली ठेवली. "आई," ती केचुआत म्हणाली, "तुझा पाय कापायचा. आम्ही ठरवलंय."

म्हातारीनं डोक्यावरची टोपी सारखी केली. ती टोपी खाटेवरही काढत नसे.

"आम्ही म्हणजे कोण?"

"डॉक्टर आणि मी."

"मग तुमचे कापा. दोघांचे मिळून चार आहेत. एखादा गेला तर कळायचंही नाही."

शेजारच्या खाटेवरची बाई खुदकन हसली.

"काय म्हणाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही म्हणाली."

"तुम्हाला कुणी नाही म्हणत नाही. नीट सांगितलंत ना?"

"आज पहिल्यांदाच नीट सांगितलं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला, मग तापला. "आठवडाभरात मरेल ही बाई. ते तुमच्या माथी येईल."

"मग तेच सांगा तिला. मी शब्दाला शब्द सांगते. फक्त बसून सांगा."

दाराशी पुढचे पेशंट ताटकळले होते. डॉक्टरांनी तिकडे पाहिलं, एर्लिंदाकडे पाहिलं, आणि पायानं स्टूल ओढून घेतलं. बसल्यावर ते चांगलं बोलले. विष रक्तात कसं चढतं ते सांगितलं. गुडघ्याखाली कापलं तर कुबडी घेऊन चालता येईल, दुखेल, आणि नसलेली बोटंही दुखतील, हेही सांगितलं. एर्लिंदानं कशावरही साखर पेरली नाही.

सिप्रियाना गालातला चघळायचा कोकाचा पाला जिभेनं इकडून तिकडे सरकवत ऐकत होती.

"सडका बटाटा ढिगात ठेवत नाहीत, एवढं मला कळतं," ती म्हणाली. "पण ढीग माझा आहे."

एर्लिंदानं ते जसंच्या तसं स्पॅनिशमध्ये सांगितलं.

"कापलेला पाय कुठे जातो?" म्हातारीनं विचारलं.

"दवाखान्याच्या भट्टीत," एर्लिंदा म्हणाली.

"भट्टीत नाही. माझ्या शेतात. ज्या मातीवर तो चालला त्या मातीत. थोडी मी पुढे जाते, उरलेली मागून येईन."

"असं नियमात बसत नाही," एर्लिंदाकडून ते कळल्यावर डॉक्टर म्हणाले.

"मी बसवीन," एर्लिंदा म्हणाली. "नाही बसलं तर माझ्या नावानं तक्रार करा."

म्हातारीनं डोळे मिटले. शेजारची बाई आता हसत नव्हती. डॉक्टरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली आणि तो हात खिशात घातला. मग सिप्रियानानं डोळे न उघडताच हात पुढे केला आणि एर्लिंदाचं मनगट धरलं. कुदळ धरणारा हात होता तो. पकड सैल नव्हती.

"सांग त्याला," ती म्हणाली. "आम्ही ठरवलंय. कापायचा. आणि कापताना तू माझ्या उशाशी उभी राहायचंस."

एर्लिंदानं ते डॉक्टरांना सांगितलं, स्पॅनिशमध्ये जो एकच शब्द होता तो वापरून.

डॉक्टर हुश्श करून उठले. "बघा. शेवटी आपण ठरवलंच."

"तिचा शब्द वेगळा होता, डॉक्टर. तुमच्या भाषेत तो नाही."

"मग फरक काय पडतो?"

म्हातारीनं मनगट अजून सोडलं नव्हतं. एर्लिंदानंही ते सोडवून घेतलं नाही.

"त्यात तुम्ही नाही."