सुभेदारांची पिशवी

रथ पुढे सरकला, गुलालाचा लोट उठला आणि अक्षताच्या हातातला सासऱ्यांचा हात सुटला. त्याला आता तीन तास होऊन गेले होते.

म्हसवडच्या त्या अफाट गर्दीत ती सुभेदार हिंदुराव मान्यांना शोधत वेड्यासारखी फिरत होती. माइकवरून चारदा पुकारून झालं. दिसेल त्या फेटेवाल्याला तिने खांद्याला धरून वळवलं, शिव्याही खाल्ल्या. नवरा उदयसिंह सैन्यात, दूर काश्मीरला. "आबांना सांभाळ," एवढंच सांगून गेलेला. त्याला कोणत्या तोंडाने फोन करायचा? आबांना यात्रेला आणायची दुर्बुद्धी आपल्याला झालीच कशी, म्हणून ती स्वतःलाच कोसत होती.

आबांचं डोकं आता साथ देत नव्हतं. पंधरा वर्षं त्यांचं सगळं करणाऱ्या सुनेला ते गेले आठ महिने रोज सकाळी विचारत, "तू कोन गं बाई?"

आशा होती ती त्यांच्या पिशवीची. आधी तिने एका पिशवीवर त्यांचं नाव, गाव, फोन सगळं रंगवून घेतलं होतं. ती त्यांनी थेट उकिरड्यावर फेकली. "मी काय चुकार म्हस हाय व्हय?" मग सांगलीत मशीनवर अक्षरांचं भरतकाम करून देणाऱ्याकडून तिने दुसरी आणली. हिरव्या कापडावर पांढरी, ठसठशीत: हिं. ज्यो. मा. हे खूळ खरं तर कॉलेजच्या पोरींचं. पण आबांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि त्यांची मान ताठ झाली. पलटणीत ट्रंकेवर अशीच असायची म्हणे. तेव्हापासून पिशवी आंघोळीलाही गळ्यातून निघत नसे. कुणी हात लावला तर अंगावर धावून जात. झाकणाच्या आत अक्षताने आपला नंबर दोऱ्याने भरून घेतलाय, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

फोन वाजला.

"ताई, तुमचं म्हातारं घावलं बगा. यष्टी स्टँडात बसलंय. हिरवी पिशवी, व्हय न्हवं?"

"व्हय, व्हय! तितंच बसवून ठेवा, दादा. पाया पडते तुमच्या."

ती धावत सुटली. वाटेत चप्पल तुटली, ती तशीच टाकली. स्टँडातल्या बाकड्यावर गुलालाने माखलेला म्हातारा पाठमोरा बसला होता. खांद्यावर तोच हिरवा पट्टा. "आबा!" म्हणत तिने मिठी मारली आणि झटक्यात मागे सरली.

तो कुणी दुसराच होता.

"ही पिशवी कुठनं आनली?" तिचा आवाज चिरकला. "हिचा मालक कुठं हाय?"

"चोरली न्हाई वं, ताई." म्हाताऱ्याने हात जोडले. "मी जतकडचा. आमची मानसं चुकली, म्हनून रडत बसलो हुतो. एक मिल्ट्रीवालं आजोबा आलं. गळ्यातली काढून माज्या गळ्यात घातली. म्हनालं, 'भिऊ नगंस गड्या. ही अक्षरं बगून कोनतरी तुला घरी पोचवंल.' आनि गेलं निघून गर्दीत."

"आवं, असं कसं जाऊ दिलं तुमी त्येंना?"

"मी म्हनलं की, तुमालाच लागंल ही. तर हसलं. म्हनालं, 'मला कशाला? मला हुडकायला आमची अक्षता हाय.' त्या कोन वं, ताई?"