तळ्याचं औषध

सकाळी तळ्यावर आलेल्या वनिताला पाणी दिसलंच नाही. दिसली ती माशांची उताणी पांढरी पोटं. काठावर काशिनाथआप्पा भोई खांद्यावरचं जाळं तसंच ठेवून उभे होते.

"काल चांगले उड्या मारत होते गं," ते म्हणाले.

तळ्याच्या मधोमध राखण्या शांतपणे तरंगत होता. तळ्याची काळजी वाहणारं हे बोलकं यंत्र ग्रामपंचायतीने आणलं, तेव्हा त्याला गावची बोली शिकवायचं काम वनितानेच हौसेने घेतलं होतं.

"राखण्या, काय केलंस रे हे?"

"काही मासे आजारी दिसले, ताई. म्हणून तळाचा गाळ ढवळून वर आणला. त्यात औषध आहे ना!"

वनिताला ते बोली शिकवण्याचे दिवस आठवले. गाळात साठलेलं हे काय, असं त्याने तिलाच विचारलं होतं. द्राक्षबागांवर वर्षानुवर्षं फवारलेलं, पावसाने वाहून येऊन तळाशी बसलेलं ते. अख्खं गाव त्याला औषधच म्हणायचं; तिनेही तेच सांगितलं. 'विष' हा शब्द तिच्या ओठांवर आलाही होता; पण तळ्याच्या वरच्या अंगाची पहिली बाग तिचीच होती.

"यंत्राला काय कळतंय, पोरी?" आप्पा तिची समजूत घालू लागले. "तू नको मनाला लावून घेऊस."

तिला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात राखण्या सरकत काठाशी आला.

"ताई, अजून गुण आलेला दिसत नाही. आणखी थोडं देऊ का?"