उजव्या डोळ्याची पट्टी

पट्टी डाव्या डोळ्यावर आली की आबांचा दोन्हीकडून फायदा व्हायचा. सहा वर्षांची नात कुठं धडपडायची नाही, आणि तिचा तिरळा डोळा चारचौघांत दिसायचा नाही. कुणी विचारलंच तर "डोळा आलाय" म्हणायचं, हे त्यांनी राणीकडूनही पाठ करून घेतलं होतं. डॉक्टरबाईंनी पट्टी उजव्या, चांगल्या डोळ्यावर लावायला सांगितली होती, तेवढीच काय ती अडचण.

आज कराडच्या दवाखान्यात राणी उंच स्टुलावर बसली होती. बाईंनी तिचा उजवा डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"वाच बघू."

राणी वाचेना. सगळ्यात वरचं, तळहाताएवढं अक्षरही नाही.

"सहा महिने पट्टी लावली ना रोज?"

"एक दिस चुकलो न्हाई, मॅडम," आबा म्हणाले. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. आणि ते खरंही होतं.

"मग असं कसं? चांगला डोळा झाकला की हा डोळा कामाला लागतो, नजर येते. नजरच आली नाही, तर पुढं ऑपरेशन करून डोळा सरळ दिसेल, पण बघणार नाही. आणि वय वाढलं की पट्टीचाही फारसा उपयोग होत नाही. कुठल्या डोळ्यावर लावत होता?"

आबांनी घसा खाकरला. सून शिवांजली त्यांच्याकडंच बघत होती. पहिल्या दिवशी तिनंच लावून दाखवली होती; नंतर ती दिवसभर कामावर, आणि ती घरी यायच्या आत आबा पट्टी काढून टाकायचे. कुठला डोळा ते विसरलो म्हणावं. म्हाताऱ्या माणसाला तेवढं चालतं. ते शब्द जुळवत होते, तोवर राणी बोलली.

"आबा बरोबर लावायचं. मीच काढून हिकडं लावायची."

शिवांजलीनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

"आगाव कुठली. आबा रोज एवढं करत्यात, आन् हिचं हे असं." मग सासऱ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, "तुमी तरी किती ध्यान ठेवनार, आवं."

आबांनी तोंड उघडलं. बाई वाट बघत थांबल्या. आबांनी तोंड मिटलं.

बाईंनी नवी पट्टी स्वतःच्या हातानं राणीच्या उजव्या डोळ्यावर चिकटवली.

सहा महिने गेले ते राणीचे, धपाटा बसला तोही राणीलाच. बाहेर पडताना दवाखान्याची पायरी तिला दिसेना, तेव्हा तिनं हवेत चाचपडून आबांचं बोट धरलं.