शेवटच्या अकरा बिया

कोकणाकडच्या घनदाट जंगलातल्या एका दुर्मीळ झाडाच्या शेवटच्या अकरा बिया घेऊन सुकन्या नांदूरघाटला घरी आली होती. तीन वर्षं प्रयोगशाळेत नाना उपाय केले, पण एकही बी उगवली नव्हती.

सकाळी उठून बघते तर पिशवी रिकामी, आणि दावणीची शेळी निवांत रवंथ करतेय.

"आई, दार कावून उघडं टाकलंस?" ती कडाडली. सिंधुबाई दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासू लागली. जन्मभर शेळ्या राखलेला सुकन्याचा बाप, कचरू, काठी उचलून माळाकडे निघून गेला.

पंधरा-वीस दिवसांनी संशोधन सोडत असल्याचं पत्र ती लिहायला बसली, तेव्हा कचरूनं तिच्यापुढं लेंड्यांनी भरलेलं टोपलं आणून ठेवलं. त्यातून सात कोंब वर आले होते, त्याच बियांची तपकिरी टरफलं डोक्यावर घेऊन.



"दार उघडं नव्हतंच, माय. ह्या झाडाचं फळ खानारं जनावर जंगलात उरलं न्हाई, असं तूच म्हनली व्हतीस. म्हून म्याच शेळीला चारल्या."