चतुराच्या मागे

सावंतवाडीच्या प्रदर्शनात वैजयंती गवस आपल्या गाजलेल्या फोटोपाशी उभी होती. पानावर टेकलेल्या चतुराचा एक डोळा तेवढा लख्ख, बाकी सगळं हिरवं धुकं. हल्लीचे कॅमेरे जवळचं-लांबचं सगळंच टिपून ठेवत, आणि पडद्यावर बोट सरकवून कुणीही हवा तिथे फोकस नेऊ शके. वैजयंतीने मात्र आपण निवडलेल्या फोकसपलीकडे कधी पाहिलं नव्हतं.

एका बाईंनी बोट सरकवलं. "मागे कोण आहेत हो हे?"

चतुर विरघळला आणि धुक्यातून दिगंबर वर आला. तिचा नवरा. हा फोटो काढला त्याच सकाळी तो आंबोलीच्या जंगलात नाहीसा झाला होता. तो नदीकडे गेला असेल असं समजून लोकांनी नदी पालथी घातली होती. तो आपल्याला सोडून गेला, असं तिने शेवटी मनाशी धरलं होतं.

फोटोत तो दरीच्या काठावर गुडघे टेकून होता. एक हात छातीवर, दुसरा तिच्याकडे उचललेला. तोंड उघडं.

त्याने हाक मारली होती. "थांब ना, उडेल तो," असं ती वळूनही न बघता म्हणाली होती.

व्यवस्थापक धावत आले. "मॅडम, फोकस परत डोळ्यावर आणून पक्का करू?"

"नको," म्हणत तिने स्वतःच बोट टेकवलं आणि फोकस दोघांच्या मधे आणला. आता चतुरही पुसट होता, दिगंबरही.

"इथेच राहू दे."

मग तिने पोलिसांना फोन लावला आणि कुठल्या दरीत उतरायचं ते सांगितलं.